मुळात नसलेली दोन वाक्यं

ताई,

तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. मंडपवाला सतरंज्या घेऊन गेला, नागपूरच्या मावशी गेल्या, उरलेली बुंदी शेजारी वाटून झाली. आता घरात करायला काही उरलं नाही. सात महिने मी ह्याच रिकामपणाची वाट पाहत होते असं लिहिलं तरी तुम्हाला राग यायचा नाही, तुम्ही तशा नव्हता. तुमचं अंग पुसणं, तुम्हाला कुशीवर वळवणं, गोळ्या बारीक करून दह्यात कालवणं, आणि चादरी. दिवसाला तीन चादरी. आता हातांना काम नाही तर ते दुखायला लागलेत. काल दुपारी जरा आडवी झाले ती उठवेचना. तुमचा भाऊ दोनदा येऊन पाहून गेला आणि शेवटी स्वतःच चहा करून प्याला.

चिखलीला तुमच्या कॉलेजात शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. प्राचार्यांनी तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, कॅरिबियन साहित्याच्या तुम्ही गाढ्या अभ्यासक होता असं सांगितलं. ‘कॅरिबियन’ म्हणताना ते दोनदा अडखळले. एका सरांनी तुमच्या पाचही अनुवादांची नावं घेतली, त्यातलं एक चुकीचं घेतलं. उठून सांगावंसं वाटलं. पण मी कोण म्हणून सांगणार होते? तुमची भावजय, देऊळघाटला भाजीपाला पिकवणारी.

म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही शिकवलेल्या पुस्तकी मराठीत लिहिते, चुका झाल्या तर सोडून द्या.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा लग्न न केलेली, कॉलेजात शिकवणारी मोठी नणंद म्हणून माहेरच्यांनी मला आधीच घाबरवून ठेवलं होतं. सकाळी सातच्या एसटीनं तुम्ही बुलढाण्याला जायच्या, तिथून चिखलीला, आणि संध्याकाळी पाचला परत. तुमच्या खोलीत एक खाट, एक टेबल, आणि भिंतीवर नकाशा. निळ्या रंगात बारीक बारीक ठिपके. मी केर काढताना विचारलं होतं, “ताई, हा कोन्त्या तालुक्याचा नकाशा हाय?” तुम्ही इतक्या हसलात की सासूबाई बाहेरून पाहायला आल्या. मला वाटलं आता ही बाई मला जन्मभर हसणार. पण तुम्ही मला हाताला धरून नकाशासमोर उभं केलं आणि एकेका ठिपक्याचं नाव सांगितलं.

त्या ठिपक्यांपायी तुम्ही काय काय केलं होतं ते मला हळूहळू कळत गेलं. तुमच्या पीएच.डी.च्या सरांनी म्हटलं होतं, ह्या बेटांचं इथं कोण वाचणार, एखादा मोठा इंग्रज लेखक घ्या. तुम्ही ऐकलं नाही. कॉलेजच्या वाचनालयात तुम्हाला लागणारं एकही पुस्तक नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळे माहेरी जायचे तेव्हा तुम्ही मुंबईला जाऊन एका वाचनालयात बसायच्या आणि पुस्तकंच्या पुस्तकं हातानं उतरवून आणायच्या. ती लांब रजिस्टरं अजून तुमच्या खाटेखाली आहेत. सासूबाई म्हणायच्या, “सुट्टीत लोकायचे गाल वर येतात, हिचे डोये आत जातात.”

ती मेथीची दुपार तुम्हाला आठवते का? अंगणात बाजारासाठी जुड्या बांधत होतो, तुम्हीही रविवार म्हणून हाताशी बसला होता. तुमच्या भावानं विचारलं, “वेस्ट इंडीज म्हन्जे ते क्रिकेटवाले ना? तिथं पुस्तकं कोन लिहिते?” मग तुम्ही सांगायला लागलात. आफ्रिकेतून साखळ्या घालून नेलेली माणसं. ती सुटल्यावर आपल्याकडून करारावर जहाजात भरून नेलेली गरीब माणसं. सगळी ऊस तोडायला. मालकाची इंग्रजी त्यांनी तोडली, मोडली, आपल्या जिभेला जमेल तशी करून घेतली.

“त्यांचं बोलणं ऐकून इंग्रजांना हसू येतं,” तुम्ही म्हणालात.

मी सहज विचारलं, “जसं आपलं ऐकून पुन्याच्या लोकायले येते तसं?”

तुमच्या हातातली जुडी तशीच राहिली. तुम्ही माझ्याकडे बघतच बसलात. मी घाबरले, काही चुकीचं बोलले की काय. दोन वर्षं तुम्ही एका कादंबरीत अडकला होता हे मला कुठं माहीत होतं? त्यातली ऊस तोडणारी म्हातारी तुमच्या मराठीत प्राध्यापिकेसारखी बोलत होती आणि तुम्हाला ते सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून, हातपाय न धुता, तुम्ही वही घेऊन ओट्यावर आलात.

“पुष्पा, एक बाई आहे. तिचा नवरा न सांगता दुसऱ्या बेटावर निघून गेला. शेजारीण विचारते, कुठं गेला? ही काय म्हणेल?”

“शेजारीन चांगली हाय का भोचक?”

“भोचक.”

“मंग ती म्हनन, गेला असन बापा. मले का सांगून जाते तो?”

तुम्ही लिहून घेतलं. तिथून आपलं काम सुरू झालं.

तुम्ही अर्थ सांगायच्या, मी बोलायची. एका फळावर आपण आठ दिवस घालवले. तिकडं ते गरिबाचं जेवण, भाजून भाकरीसारखं खातात. कोकणात त्याला नीरफणस म्हणतात हे तुम्ही शोधून काढलं आणि खूश होऊन आलात. मी म्हटलं, “ताई, ही बाई तर वऱ्हाडीत बोलून राह्यली. तिच्या तोंडी कोकनातला शबूद कसा येईन?” तुम्ही कपाळाला हात लावला. समुद्राचं तर विचारूच नका. त्या पुस्तकांत पानापानावर समुद्र. मी तो पाहिलाच नव्हता. लाट मागं जाताना वाळूचा जो आवाज होतो त्याला काय म्हणशील, असं तुम्ही विचारलं आणि मी सुपात हरभरा घेऊन तुम्हाला पाखडून दाखवला. तुम्ही डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालात, “जवळ आहे.”

पण एका गोष्टीत तुम्ही फार कडक होता. मला बोलता बोलता भरून यायचं, मी त्या बाईच्या तोंडी दोन शिव्या जास्तीच्या घालायची. तुम्ही लगेच काट मारायच्या. “तिनं जेवढं म्हटलं तेवढंच, पुष्पा. आपल्याला वाटतं म्हणून तिच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही.” स्वल्पविरामासाठीसुद्धा भांडायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. मापात पाप न करणारं माणूस आपल्या घरात आहे असं वाटायचं.

पुण्याच्या प्रकाशकाचं पत्र आलं तेव्हा मात्र मी तुमच्या बाजूनं उभी राहिले नाही. भाषा फार गावंढळ वाटते, प्रमाण मराठीत करून पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. मी म्हटलं, “ताई, ते बरोबर म्हनतात. हे आपलं बोलनं. हे छापाचं नाई.” इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर ओरडलात ते एकदाच. “तुझ्या बोलण्याची तुलाच लाज वाटत असेल तर मी कुणाशी आणि कशासाठी भांडू?” मग प्रकाशकाला तीन पानी उत्तर लिहिलंत आणि त्याच आठवड्यात मला बाहेरून बी.ए. करायला लावलंत. पुस्तक पुढं आपल्याच भागातल्या एका लहान प्रकाशकानं छापलं. फार कुणी घेतलं नाही. तुम्ही एक प्रत त्या बेटावरच्या म्हाताऱ्या लेखिकेला पाठवलीत आणि तिचं उत्तर आलं तेव्हा सगळ्या घराला आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचून दाखवलंत.

तिनंच तुम्हाला बोलावलं होतं. पासपोर्ट काढून झाला. आणि सासरे विहिरीजवळ पडले, खुबा मोडला. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी जाईन. ते पुढचं वर्ष आलं नाही, तुम्हीही पुन्हा विषय काढला नाही. ताई, त्या दिवशी मी म्हणू शकले असते, की तुम्ही जा, बाबांचं मी पाहते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही होतं. मी भांडी घासत होते, मान वर केली नाही. मला तेव्हा एकटीनं ते सगळं ओढायचं नव्हतं. आज कबूल करते.

आता ते लिहिते जे आपण दोघींनी इतकी वर्षं टाळलं.

माझी मुलगी चार महिन्यांची होऊन गेली. तापात गेली. पंचवीस वर्षं झाली. लहान लेकराला नेताना बाया जात नाहीत. मोठ्या दिरांनी तिला उचललं तेव्हा मी दारात होते, तुम्ही माझ्या मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी दिरांना म्हणाले, “हळू न्या. आत्ताच पाजलंय तिले. पालथं नका झोपवू, तिले दम लागते.”

बस, एवढंच. मी रडलेही नाही. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. मला त्रास होईल म्हणून त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांना त्रास होईल म्हणून मी. तुमचा भाऊ त्या दिवसापासून संध्याकाळी मळ्यातून उशिरा यायला लागला. पुढं मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीला लागला, तरी ते तसंच राहिलं. ती वाक्यं मी कुणाला पुन्हा सांगितली नाहीत. स्वतःशीसुद्धा कधी म्हटली नाहीत.

सहा वर्षांनी तुमच्या चौथ्या पुस्तकाचं पार्सल आलं. त्या कादंबरीवर आपण दोघींनी काम केलं होतं, फक्त एका प्रकरणाला तुम्ही म्हणाला होता, “हे माझं मी पाहते.” तुम्ही कॉलेजात होता. मी ओट्यावर बसून नेमकं तेच प्रकरण उघडलं. उसाच्या मळ्यातली बाई. तिचं तान्हं मूल मेलंय. माणसं त्याला न्यायला आलीत. आणि ती दारात उभी राहून म्हणते, हळू न्या. आत्ताच पाजलंय त्याले. पालथं नका झोपवू, त्याले दम लागते.

मी पुस्तक परत पार्सलात ठेवलं, दोरी होती तशी बांधली. गुरांना पाणी दाखवलं. पाचला तुम्ही आलात.

“ताई, मुळात काय हाय तिथं?”

तुम्हाला लगेच कळलं. चपला न काढता तुम्ही पायरीवर बसलात.

“मुळात ती फक्त ‘हळू’ म्हणते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अन् तुमी तर म्हनत होत्या, एक शबूद जास्तीचा नाई.”

तुम्ही वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागलात.

“ते माहं होतं, ताई. तेवढंच तर होतं माह्यापाशी.”

त्यानंतर चार महिने मी तुमच्याशी बोलले नाही. एकाच घरात. तुमचं ताट वाढून ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जायची. तुम्ही एकदा प्रयत्न केलात. म्हणालात, त्या एका ‘हळू’त तिथल्या वाचकाला त्या बाईचं सगळं आयुष्य ऐकू येतं, आपल्या वाचकाला ते एका शब्दात ऐकू आलं नसतं, मी पुष्कळ शोधलं, दुसरं काही मिळेना. मी भाजीची पाटी उचलून निघून गेले. तुम्ही मला वर्गातल्यासारखं समजावत होता. मला एवढंच हवं होतं की छापायच्या आधी तुम्ही ओट्यावर येऊन विचारायला हवं होतं, जसं प्रत्येक शब्दासाठी विचारायच्या.

मग कांद्याची लागवड आली, मजूर मिळेनात, तुम्ही रजा टाकून वाफ्यात उतरलात. तुम्हाला रोप धरताही येत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, “ताई, उलटं लावून राह्यल्या तुमी.” बोलणं सुरू झालं, ते असं. पाचव्या पुस्तकालाही मी शब्द दिले. पण जपून दिले, हे तुम्हाला कळत होतं.

निवृत्तीनंतर तुम्ही सहावं हातात घेतलंत आणि अर्ध्यावर हा झटका आला. उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, बोलणं थोडंफार येईल. आलं, पण इंग्रजी आली नाही. मग तुमची ती स्वच्छ पुस्तकी मराठीही गेली. जन्मभर ‘मला’ म्हणणाऱ्या तुम्ही एके दिवशी सासूबाईंच्या आवाजात म्हणालात, “मले पानी दे वं.” कॉलेजातले सर भेटायला येऊन तुमच्याशी इंग्रजीत बोलले तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, “काय म्हनते हा?” मी हसले आणि मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

आणि मग तो दिवस. तुम्ही जायच्या दहाएक दिवस आधीचा. मी चादर बदलत होते, पाठीत कळ निघत होती.

“पुष्पा, म्या तुले इचारलं नाई.”

“काय नाई इचारलं?”

“ते. पोरीचं.”

मी काय म्हणाले? मी म्हणाले, “आदी कुशीवर व्हा. चादर ओली हाय.”

तुम्ही कुशीवर झालात. पुन्हा तुम्ही तो विषय काढला नाही, मीही नाही. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं आणि मी चादर ओढत राहिले. लोक विचारतील तर काय सांगू? मी थकले होते, ताई. दुसरं काही कारण नाही. थोडी झोप झालेली असती तर कदाचित खाटेच्या कडेला बसले असते.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. मनात शोधलं, तसलं काही सापडलं नाही. रागही सापडला नाही. तुम्ही मला शिकवलंत, मला माझी बोली ऐकवलीत, आणि मला न विचारता माझं सगळ्यात आतलं घेतलंत. ही तिन्ही कामं एकाच बाईनं केली. मी ह्यातलं एकही दुसऱ्यातून वजा करू शकत नाही.

परवा दुपारी एक बाई आली. चाळिशीची असेल, दोन एसट्या बदलून बीबीहून आलेली. तिथल्या अंगणवाडीत काम करते म्हणाली. तुमची बातमी तिनं पेपरात वाचली होती, पण तेराव्याला सुट्टी मिळाली नाही. पिशवीतून तिनं तुमचं चौथं पुस्तक काढलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. वाचनालयातून नेलं ते परतच केलं नाही म्हणून सांगताना ती लाजली.

“मला ताईंना एकदा भेटायचं व्हतं,” ती म्हणाली. “राहून गेलं. माझं पहिलं पोरगं तिसऱ्या दिवशी गेलं. घरात सगळे म्हणले, वय लहान हाय, दुसरं होईल. झालंबी. पण त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही बघा. आन् मग हे हातात आलं.” तिनं पान उघडलं नाही. तिला पाठ होतं. “पालथं नका झोपवू म्हणती ना ती, तिथं मी पुस्तक मिटलं आन् पहिल्यांदा रडले. कोणत्या देशातली हो ती बाई? आसंल का अजून?”

मी म्हटलं, “हाय.”

“कुठं?”

“हे काय. तुमच्याम्होरं बसली.”

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. दार, दीर, भिंतीला टेकलेल्या तुम्ही, पार्सल, सगळं. इतकं सलग मी कधीच कुणाशी बोलले नव्हते. तिनं कप खाली ठेवला. मला वाटलं ती तुमच्याबद्दल काही वाईट बोलेल, आणि तुमची बाजू घ्यायला मी तयारही झाले. पण तिनं वेगळंच विचारलं.

“नाव काय व्हतं तिचं?”

“जाई,” मी म्हणाले.

आतल्या खोलीत तुमचा भाऊ पडलेला होता. तो उठून बाहेर आला, चौकटीला धरून उभा राहिला. मला वाटलं परक्या बाईसमोर हा विषय काढला म्हणून रागावला. तो त्या बाईकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. खाली फरशीकडे बघत तो म्हणाला, “तिच्या कानामांगं तीळ होता. डाव्या.”

ताई, मला इतकी वर्षं वाटत होतं की ते फक्त मलाच माहीत आहे.